मृत्युपत्र कसे करावे, आणि ते घरच्यांसाठी का करावे

माझे मोठे मामा गेले तेव्हा ठाण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. सोसायटीत आणि बँकेत त्यांनी मामींना नॉमिनी केले होते, आणि तेवढे केले म्हणजे घर मामींचे झाले अशी त्यांची, मामींची आणि आम्हा सर्वांचीच समजूत होती. सोसायटीने मामींचे नाव लावून घेतल्यामुळे ती समजूत वर्षभर टिकलीही. पुढे मुलाकडे राहायला जायचे म्हणून मामींनी फ्लॅट विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांनी मामांच्या सर्व वारसांची यादी आणि प्रत्येकाचे हक्कसोडपत्र मागितले. त्या यादीत मामी, मुलगा आणि मुलगी यांच्यापुढे चौथे नाव माझ्या आजीचे होते, आणि आजी तर मामांच्या मागोमाग सात महिन्यांनी गेली होती.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याची स्वतःची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्याकडे सारख्या हिश्श्याने जाते. म्हणजे मामांच्या फ्लॅटचा चौथा हिस्सा मामा गेले त्याच दिवशी आजीचा झाला होता. तिला स्वतःला ते कधी कळलेही नाही. आजी गेल्यावर तो चौथा हिस्सा तिच्या चार अपत्यांच्या चार शाखांत विभागला गेला. त्यांतली एक शाखा मामांच्याच मुलांची. उरलेल्या तीन म्हणजे माझी आई आणि दोन धाकटे मामा, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्या दोन खोल्यांचा सोळावा भाग. त्यांपैकी कोणालाही त्यातला एक रुपया नको होता. तरीही एका मामांना परदेशातून कुलमुखत्यारपत्र करून पाठवावे लागले, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईला दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर सकाळपासून बसावे लागले. आयुष्यभर भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्र तिचा अंगठा घेईना. तिथल्या कर्मचाऱ्याने ओल्या फडक्याने तिची बोटे पुन्हा पुन्हा पुसली, चौथ्या खेपेला अंगठा उमटला, आणि आई मला म्हणाली, "दादाने दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर वहिनीला माझ्या दारात यावं लागलं नसतं." तोवर पहिला गिऱ्हाईक कंटाळून निघून गेला होता.

या प्रकरणात कोणी कोणाशी भांडले नव्हते, म्हणूनच ते इतके सविस्तर सांगितले. "आमच्याकडे सगळे मिळूनमिसळून आहेत, आम्हाला मृत्युपत्राची काय गरज", असे ज्या घरांत म्हटले जाते त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे. कोणी कोणाची सेवा केली, कोणाला कशाची गरज आहे, घरात तोंडी काय ठरले होते, हे कायद्याला ठाऊक नसते. तो फक्त नाते पाहतो आणि हिस्से पाडतो.

आपल्या समजुती आणि कायद्याची वाटणी

पत्नी हयात असताना सर्व काही तिचेच होते, ही सर्वांत मोठी गैरसमजूत वर आलीच आहे. दुसरी बाब वडिलांची. अविवाहित किंवा विवाहित मुलगा गेला आणि मागे आई व वडील दोघे असले, तर आई पहिल्या वर्गाची वारस असते, वडील दुसऱ्या वर्गाचे; त्यामुळे पहिल्या वर्गातले कोणीही हयात असेपर्यंत वडिलांना काहीच मिळत नाही. मुलाच्या आधाराने राहणाऱ्या वृद्ध वडिलांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, याचा विचार नोकरदार मुलांनी अवश्य करावा.

स्त्रियांच्या मिळकतीबाबतची तरतूद तर बहुतेक स्त्रियांना माहीतही नसते. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मिळकत आधी मुलगे, मुली व पती यांच्याकडे जाते. ते कोणीच नसतील तर पतीच्या वारसांकडे, आणि तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा क्रम त्यानंतर येतो. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत मूलबाळ नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण तिने स्वतः कमावलेल्या पैशाला ही सवलत नाही. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा होऊन सासरचे दार बंद झालेली, माहेरी राहून शिकलेली आणि नोकरी करून पैसा साठवलेली एक स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तेव्हा तिची कमाई पतीच्या नातेवाइकांकडेच जाईल असे सर्वोच्च न्यायालयाला २००९ मध्ये म्हणावे लागले, कारण कायद्याची अक्षरे तशी आहेत. म्हणून माझा आग्रह असा आहे की घरात मृत्युपत्राचा विषय निघाला की तो फक्त पुरुषाच्या नावाने निघू नये. जिची स्वतःची ठेव, भविष्य निर्वाह निधी, दागिने किंवा फ्लॅटमध्ये अर्धा हिस्सा आहे, तिनेही आपले स्वतंत्र मृत्युपत्र करावे. अपत्य नसलेल्या, घटस्फोटित आणि विधवा स्त्रियांनी तर ते आधी करावे.

मुस्लिम व्यक्तीला अंत्यविधीचा खर्च व देणी वजा जाता साधारणपणे एक तृतीयांश मिळकतीपुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि एखाद्या वारसालाच जास्त द्यायचे असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते. ख्रिस्ती व पारशी व्यक्तीने लग्नापूर्वी केलेले मृत्युपत्र लग्न होताच रद्द होते, त्यामुळे लग्नानंतर ते नव्याने करावे लागते. गोव्यातील कुटुंबांची रीत वेगळी आहे: तेथे मुलेबाळे असताना मिळकतीचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो आणि उरलेल्या निम्म्याचीच व्यवस्था आपल्या मर्जीने करता येते. त्यामुळे महाराष्ट्रातील कोणाचा तरी नमुना उतरवून गोव्यात मृत्युपत्र करू नये.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी म्हणजे रक्कम किंवा वस्तू वारसांच्या वतीने ताब्यात घेणारी व्यक्ती. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकातच हे स्पष्ट केले होते, आणि शेअरच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही असे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांबाबत महाराष्ट्राच्या कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार नॉमिनीला केवळ तात्पुरता सभासद करून घेतले जाते, खऱ्या वारसाचे नाव लागेपर्यंत. विमा कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आली आहे, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये.

नामनिर्देशन करूच नये असा याचा अर्थ नाही. ते केलेले असले की बँकेतली रक्कम लवकर हाती येते आणि दवाखान्याची बिले, दिवसपाण्याचा खर्च अडत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवण्याचीही सोय झाली आहे. मात्र मृत्युपत्रात एकाचे नाव आणि नॉमिनीच्या रकान्यात दुसऱ्याचे, असे झाले की तंट्याला तोंड फुटते. दोन्ही कागद समोर ठेवून नावे जुळवून घ्यावीत.

लिहिण्याआधीची बैठक

बहुतेक मराठी घरांत कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक रेक्झिनची पिशवी असते. ती आधी जमिनीवर पालथी करावी. फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा, शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचा सातबारा व आठ-अ, शहरातल्या जागेचे प्रॉपर्टी कार्ड, मुदत ठेवींच्या पावत्या, पीपीएफचे पासबुक, विमा पॉलिसी, म्युच्युअल फंड व डिमॅटची विवरणे, लॉकरचा क्रमांक आणि किल्ली, सोने, वाहनाचे कागद हे सर्व एका वहीत उतरवावे. घेतलेली आणि दिलेली कर्जेही लिहावीत. उसने दिलेले पैसे आणि भिशीचा हप्ता पुष्कळदा गेलेल्या माणसाबरोबरच जातो.

मग प्रत्येक नोंदीसमोर, ही मिळकत आपल्या एकट्याची आहे काय, हे लिहावे. आपण कमावलेल्या मिळकतीची विल्हेवाट आपल्या इच्छेने लावता येते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि त्या मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा १९९४ मध्येच केली होती, देशभर ती २००५ मध्ये झाली. "गावची जमीन मुलांना, मुलींचे लग्न केले आहे" असे वाक्य मृत्युपत्रात लिहिल्याने मुलींचा तो हक्क नाहीसा होत नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल, तर मृत्युपत्राआधी वारसनोंद आणि फेरफार करून घ्यावा.

जिवंतपणीच सर्व काही मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून मोकळे व्हावे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. बक्षीसपत्र झाले की घर त्याच क्षणी दुसऱ्याचे होते आणि ते सहजासहजी परत घेता येत नाही. मृत्युपत्र आपल्या पश्चात अमलात येते. तोवर घर आपले, ते विकण्याचा हक्क आपला आणि मन बदलण्याचा हक्कही आपला. डोक्यावरचे छप्पर हातचे जाईल असा कागद म्हातारपणी करू नये, असे मला मनापासून वाटते.

मजकूर कसा लिहावा

साधा कोरा कागद पुरतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ठराविक नमुना लागत नाही, आणि ते मराठीत लिहिले तरी पूर्ण ग्राह्य असते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि शुद्धीवर असलेल्या कोणालाही ते करता येते. आरंभी आपले पूर्ण नाव, वय, पत्ता आणि तारीख लिहून, हे मृत्युपत्र आपण कोणाच्याही दबावाला बळी न पडता, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहोत असे नमूद करावे. त्यानंतर, यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, असे एक वाक्य घालावे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी मात्र या वाक्यापाशी थांबावे. तिकडच्या मिळकतीसाठी तिकडे वेगळे मृत्युपत्र केलेले असेल, तर हे एक वाक्य तेही रद्द करून टाकू शकते; म्हणून "भारतातील मिळकतीपुरती पूर्वीची मृत्युपत्रे" असे स्पष्ट लिहावे.

पुढे कुटुंबातील माणसांची नावे आणि नाती, मग मिळकतींची वर्णने. येथे घाई करू नये. "माझा फ्लॅट" न लिहिता इमारत, मजला, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ आणि करारनाम्याचा नोंदणी क्रमांक लिहावा. जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहाव्यात. दागिन्यांच्या बाबतीत तर फारच नेमके असावे. आमच्या नात्यातील एका आजींनी "माझे दागिने दोन्ही मुलींना सारखे" असे लिहिले होते. वजनाने सारखे, किमतीने सारखे की नगाने सारखे, यावर त्या दोघी बहिणी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. खरा प्रश्न होता आजींच्या रोजच्या पाटल्यांचा, ज्या दोघींनाही आठवण म्हणून हव्या होत्या आणि मोडून वाटायची कोणाचीच तयारी नव्हती. "पाटल्या थोरलीला, चपलाहार धाकटीला, वजनातला फरक ठेवीतून भरून द्यावा", एवढे लिहिले असते तर पुरे झाले असते.

पत्नीला घरात अखेरपर्यंत राहता यावे आणि नंतर ते मुलांना मिळावे, असे पुष्कळांच्या मनात असते. तसे असेल तर तिला मालकी द्यायची की तहहयात राहण्याचा हक्क द्यायचा, हे वकिलाला विचारून निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. "पूर्ण मालक" आणि "तिच्या पश्चात मुलांना" हे दोन्ही एकाच परिच्छेदात आले की अर्थाचे दावे वर्षानुवर्षे चालतात. माझे मत विचाराल तर, ज्या बाईने चाळीस वर्षे ते घर चालवले तिला पूर्ण मालकी द्यायला कचरू नये.

ज्याला द्यायचे तो आपल्या आधी गेला तर कोणाला, हेही लिहावे. यादीतून सुटलेल्या आणि पुढे मिळणाऱ्या मिळकतीसाठी "याव्यतिरिक्त माझी जी काही स्थावर व जंगम मिळकत असेल ती" असे शेवटचे कलम अवश्य घालावे. एखाद्या अपत्याला काही द्यायचे नसेल, तर त्याचे नाव गाळण्यापेक्षा थोडक्यात आणि कटुता न आणता कारण नोंदवावे; गाळलेल्या नावावरून "आईला आठवलेच नसेल, तिची शुद्ध नव्हती" असा दावा उभा राहतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांसाठी पालक कोण, हे लिहावे. बौद्धिक अक्षमता असलेले अपत्य घरात असेल, तर त्याच्यासाठी न्यास करावा काय आणि त्याचे कायदेशीर पालकत्व कोणाकडे राहावे, यासाठी तज्ज्ञाकडे स्वतंत्र बैठक घ्यावी. आणि हे सर्व प्रत्यक्षात आणणारा व्यवस्थापक, ज्याला वकील एक्झिक्युटर म्हणतात, तो नावानिशी नेमावा. तो आपल्यापेक्षा वयाने लहान, हिशेबी आणि घरात सर्वांना मान्य असलेला असावा.

सही आणि साक्षीदार

कितीही चांगला मजकूर या टप्प्यावर फुकट जाऊ शकतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, आणि किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा "ही माझीच सही" असे करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याने स्वतःची सही करणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी. कागद शेजारी पाठवून "सही करून ठेवा हो" असे सांगणे येथे चालत नाही. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही, तरी तिघांनी एकत्र बसून एकाच पेनाने सह्या केलेल्या उत्तम. प्रत्येक पानावर सही करावी, खाडाखोड झाली तर तिथेही करावी.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये. साक्षीदारांना आत काय लिहिले आहे हे सांगण्याची गरज नसते. पुढे कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करताना किमान एका साक्षीदाराला, तो हयात असल्यास, उभे राहावे लागते; म्हणून आपल्या बरोबरीच्या वृद्ध मित्रापेक्षा पत्ता पक्का असलेली चाळिशीतली व्यक्ती निवडावी. वय झालेले असेल किंवा आजारपण चालू असेल, तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. ज्या मुलाला सर्वाधिक मिळणार आहे त्यानेच वकील आणला, त्यानेच टाइप करून घेतले आणि तोच शेजारी उभा राहिला, अशा मृत्युपत्राकडे न्यायालये संशयाने पाहतात. त्या मुलाचा हेतू कितीही चांगला असला तरी त्या दिवशी त्याने घराबाहेर थांबावे.

नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी न केलेले मृत्युपत्रही तितकेच वैध असते. तरी स्थावर मिळकत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्यावी, कारण फी नाममात्र आहे, प्रत सरकारी दप्तरात राहते आणि फेरफाराच्या वेळी काम हलके होते. मात्र नोंदणी झाली म्हणून साक्षीदारांचे काम संपत नाही. मुंबई शहरात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, वर्षानुवर्षे सक्तीची होती. संसदेने २०२५ च्या दुरुस्तीने ही सक्ती काढली आहे, पण वारसांत वाद असेल तर प्रोबेट घेणेच श्रेयस्कर.

मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलता येते. लहान बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र करावे आणि त्यालाही तशाच सह्या व साक्षी घ्याव्यात. बदल मोठा असेल तर जुने रद्द करून नवे लिहावे. लग्न, जन्म, मृत्यू, घटस्फोट किंवा घराची खरेदी-विक्री झाली की ते काढून वाचावे. मूळ प्रत फक्त आपल्या एकट्याच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण ते लॉकर उघडण्याचा अधिकार कोणाला, हे त्याच कागदात लिहिलेले असते. बँकेचे किंवा फोनचे पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नयेत. त्यांची वेगळी चिठ्ठी करून ती कोठे आहे एवढे व्यवस्थापकाला सांगावे.

फ्लॅट विकला गेल्यावर महिन्याभरात मामींनी आपले मृत्युपत्र केले. मजकूर तीन पानांचा, स्वतःच्या हाताने, वाणसामानाच्या यादीसाठी त्या वापरतात तशाच ठसठशीत अक्षरात लिहिलेला. साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका आणि घराचे डॉक्टर आले होते. मुलगा आणि मुलगी त्या दिवशी घरी नसतील याची मामींनी आधीच काळजी घेतली होती. सह्या झाल्यावर त्यांनी सर्वांना चहा दिला, मूळ प्रत खाकी पाकिटात घालून वर तारीख घातली आणि ती माझ्या आईच्या हाती दिली. आता ते पाकीट आमच्या कपाटात, आईच्या स्वतःच्या पाकिटाशेजारी आहे.